गाडी खाली घेण्यापूर्वी: अ‍ॅडजस्टेबल सस्पेन्शनची निवड पायरीपायरीने

गाडी इंच-दीड इंच खाली घेतली की ती रस्त्याला धरून बसल्यासारखी दिसते, हे खरे आहे, आणि या दिसण्याच्या ओढीनेच बहुतेक नवखे अ‍ॅडजस्टेबल सस्पेन्शनच्या, म्हणजे बाजारात ज्याला कॉइलओव्हर म्हणतात त्या संचाच्या, शोधाला लागतात. दुकानात गेल्यावर त्यांचा पहिला प्रश्न ‘हा संच गाडी किती खाली नेतो?’ असा असतो. माझ्या मते तो शेवटी विचारावा. गाडी खाली घेतल्यावर चाकाला वर उचलले जाण्यासाठी किती जागा उरते आणि तेवढ्या जागेत स्प्रिंग व शॉकअब्सॉर्बर आपले काम पुरे करू शकतात का, यावर संच चांगला की वाईट हे ठरते. पुढील मार्गदर्शन इंदूरमध्ये रोज चालणाऱ्या आणि दिवाळीत पाच माणसे व सामान घेऊन सेंधव्याच्या घाटाने नाशिक-पुण्याकडे निघणाऱ्या घरच्या गाडीसाठी आहे. शर्यतीच्या गाडीचा विचार येथे केलेला नाही.

पहिली पायरी: रस्ता आणि गाडी दोन्ही मोजा

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो व तो ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगाने ओलांडता येईल असा आखलेला असतो. असा गतिरोधक खाली घेतलेल्या गाडीला फारसा त्रास देत नाही. ज्या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमध्ये अडीच मीटर अंतर आहे, तिची चारही चाके एकाच वेळी या लांबट उंचवट्यावर चढलेली असतात, आणि त्या क्षणी गाडीच्या पोटाखाली उंचवट्याचा मधला भाग चाकांच्या रेषेपेक्षा जेमतेम साडेचार सेंटीमीटर वर येतो. खरी अडचण राजेंद्रनगर, सुदामानगर किंवा टिळकनगरसारख्या वसाहतींच्या आतल्या गल्ल्यांत येते, जेथे दीड-दोन फूट रुंदीचे अरुंद आणि ताठ गतिरोधक असतात. त्यांच्या दोन्ही बाजूंना चाके सपाट रस्त्यावर राहतात, त्यामुळे गतिरोधकाची पूर्ण उंची गाडीच्या पोटाला सोसावी लागते.

म्हणून आपल्या रोजच्या वाटेवरचा सर्वांत वाईट गतिरोधक निवडावा, त्याच्या माथ्यावर सरळ लाकडी पट्टी आडवी धरावी, पट्टी समतल आहे याची खात्री करावी आणि पट्टीच्या टोकापासून रस्त्यापर्यंतचे अंतर टेपने मोजावे. घराच्या फाटकाचा उतार आणि पार्किंगचा रॅम्प यांकडेही लक्ष द्यावे, कारण तेथे पोटापेक्षा पुढच्या बंपरची खालची कड आधी घासते.

त्यानंतर गाडी मोजावी. कंपनी सांगते तो ग्राउंड क्लिअरन्स बहुधा रिकाम्या गाडीचा असतो, तेव्हा घरची सर्व माणसे बसवून आणि डिकीत नेहमीचे सामान ठेवून गाडीचा सर्वांत खालचा भाग जमिनीपासून किती उंच आहे हे पाहावे. हा भाग बहुतेक वेळा इंजिनाचा चेंबर, त्याखालचा गार्ड किंवा सायलेन्सर असतो. रिकाम्या हॅचबॅकचा क्लिअरन्स १६५ मिलीमीटर आहे आणि माणसे बसल्यावर ती ३० मिलीमीटर दबते असे धरले, तर हातात १३५ उरतात. गाडी ३० मिलीमीटर खाली घेतली तर १०५, आणि ५० खाली घेतली तर ८५. गल्लीतला गतिरोधक १०० मिलीमीटर भरला असेल, तर निर्णय येथेच झालेला आहे. इंदूरच्या घरगुती गाडीसाठी २५ ते ३० मिलीमीटर ही मी शहाणपणाची मर्यादा मानतो.

गाडीची उंची नोंदवताना मात्र जमिनीपासून मोजू नये. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, कडेपर्यंतचे अंतर चारही कोपऱ्यांवर मोजून वहीत लिहावे, म्हणजे टायरची झीज किंवा हवेचा दाब यांमुळे आकडा बदलत नाही. हीच वही पुढे प्रत्येक पायरीला लागणार आहे.

दुसरी पायरी: प्रकार समजून घ्या

सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे मूळ शॉकअब्सॉर्बर तसेच ठेवून फक्त आखूड स्प्रिंगा बसवणे. त्यात उंची बदलता येत नाही, आणि मूळ शॉकअब्सॉर्बर नरम स्प्रिंगसाठी बनलेला असल्याने काही काळाने गाडी उड्या मारू लागते. ज्याला थोडेच खाली जायचे आहे आणि ज्याचे शॉकअब्सॉर्बर नवे आहेत, त्याला हा मार्ग चालू शकतो. हवेच्या फुग्यांचे सस्पेन्शन हा स्वतंत्र आणि खर्चिक विषय आहे. त्यातील कंप्रेसर, टाकी व नळ्या यांची देखभाल नवख्याने अंगावर घेऊ नये.

आपला विषय असलेल्या कॉइलओव्हरमध्ये शॉकअब्सॉर्बरच्या नळीवर आटे पाडलेले असतात आणि त्यांवरून फिरणाऱ्या कड्यावर स्प्रिंग टेकलेली असते. हुक पान्याने कडे खाली नेले की गाडी खाली येते. या साध्या रचनेत गाडी जितकी खाली येते, तितका शॉकअब्सॉर्बरच्या दांड्याचा दबण्याचा प्रवास कमी होतो, कारण नळीची लांबी तीच राहते. दुसऱ्या रचनेत नळीचा खालचा ब्रॅकेटही आट्यांवर फिरतो; उंची तेथून बदलायची आणि स्प्रिंगचे कडे तसेच ठेवायचे, त्यामुळे दांड्याचा प्रवास शाबूत राहतो. दुकानदार या दुसऱ्या रचनेचे फार कौतुक करतात. ते अर्धेच खरे आहे: दांड्याचा प्रवास वाचला तरी टायर आणि फेंडर यांच्यामधली जागा कमी झालेलीच असते, आणि गाडी फार खाली घेतल्यास बंप स्टॉप, म्हणजे प्रवासाच्या टोकाला धक्का झेलणारा रबरासारखा ठोकळा, आपले काम करण्याआधी टायर आतल्या प्लॅस्टिकला जाऊन भिडतो.

आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकमध्ये पुढे मॅक्फर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग व शॉकअब्सॉर्बर एकत्र असलेला खांब, आणि मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी आडवी तुळई, असतो. मागे स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर वेगवेगळ्या जागी असतात, म्हणून संचात मागच्या बाजूसाठी सुटी स्प्रिंग, तिच्यासाठी उंची बदलणारे वेगळे कडे आणि साधा दिसणारा शॉकअब्सॉर्बर येतो. खोके उघडल्यावर हे पाहून फसवणूक झाली असे समजू नये. मागची स्प्रिंग साधारणतः चाकापेक्षा बीमच्या खुंटीकडे सरकलेली असल्याने तेथे कडे १० मिलीमीटर फिरवले तर चाकाजवळ गाडी त्याहून अधिक उतरते.

तिसरी पायरी: स्प्रिंगचा हिशोब

हा भाग वाचकाने कागद-पेन्सिल घेऊन करावा, कारण संच निवडण्याची बरीचशी जबाबदारी येथे पार पडते. स्प्रिंगची कडकपणाची मोजणी किलो प्रति मिलीमीटर किंवा न्यूटन प्रति मिलीमीटर अशी देतात. १ किलो प्रति मिलीमीटर म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन प्रति मिलीमीटर. उदाहरणादाखल धरू की पुढच्या एका स्प्रिंगवर २८५ किलो भार आहे, मूळ स्प्रिंगचा कडकपणा २.५ किलो प्रति मिलीमीटर (पुढे थोडक्यात ‘२.५ किलोची’) आहे आणि बंप स्टॉपला भिडण्यापूर्वी चाक ८० मिलीमीटर वर जाऊ शकते. म्हणजे बंप स्टॉप लागण्यापूर्वी ही स्प्रिंग २०० किलोचा जादा जोर पेलते.

आता गाडी ३० मिलीमीटर खाली घेतली. उरलेला प्रवास ५० मिलीमीटर. तेवढ्या जागेत तोच २०० किलोचा जोर पेलायचा, तर स्प्रिंग ४ किलोची हवी. ५० मिलीमीटर खाली घेतली तर प्रवास ३० उरतो आणि स्प्रिंग जवळजवळ ६.७ किलोची लागते, म्हणजे मूळच्या अडीचपटीहून अधिक कडक. शिवाय २८५ किलो भाराने ४ किलोची स्प्रिंग सुमारे ७१ मिलीमीटर दबलेली असते, तर ६.७ किलोची जेमतेम ४३. चाक खड्ड्यात उतरते तेव्हा स्प्रिंग जेवढी दबलेली असेल तेवढ्याच अंतरापर्यंत ती चाकाला खाली रेटू शकते. माळव्याच्या काळ्या मातीवरचे रस्ते पावसात फुगतात, उन्हाळ्यात आकसतात आणि त्यांची पातळी सतत वरखाली होते. अशा रस्त्यावर खाली जाणारा प्रवास कमी पडला की टायर रस्ता सोडतो, आणि ब्रेक दाबलेला असताना हे घडणे धोक्याचे आहे.

यावरून खरेदीच्या वेळचे दोन प्रश्न तयार होतात. स्प्रिंगचा आकडा किती, आणि गाडी किमान किती खाली बसते. दुसरा प्रश्न बहुधा कोणी विचारत नाही. गाडी किमान आणि कमाल किती खाली घ्यायची याची अनेक संचांची ठरवून दिलेली पट्टीच ३० किंवा ३५ मिलीमीटरपासून सुरू होते. ज्याला २५ हवे आहेत त्याने कडे त्या पट्टीच्या वर नेऊन काम भागवणे योग्य नाही. तसेच आटे दिसतात तितके सगळे वापरण्यासाठी असतात असे समजू नये, कारण निर्मात्याने तपासून दिलेली पट्टी आट्यांच्या लांबीपेक्षा आखूड असू शकते. कडक स्प्रिंगच्या संचात गाडी उचलल्यावर स्प्रिंग सैल पडू नये म्हणून एक पातळ सहायक स्प्रिंग दिलेली असते. ती आहे की नाही हे पाहावे. बंप स्टॉप कापून जागा वाढवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये.

चौथी पायरी: शॉकअब्सॉर्बर

स्प्रिंग गाडी उचलून धरते. तिचे हेलकावे थांबवण्याचे काम शॉकअब्सॉर्बर करतो. दबताना होणारा विरोध आणि परत उघडताना होणारा विरोध असे त्याचे दोन भाग असतात. उघडतानाचा विरोध फार वाढवला तर सलग येणाऱ्या उंचवट्यांवर चाक पूर्ण खाली येण्याआधीच पुढचा उंचवटा येतो, गाडी दर धक्क्याला थोडी थोडी खाली बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवरच चालू लागते. विरोध बदलणारा नॉब ‘कडक’कडे फिरवणे म्हणजे गाडी अधिक पक्की होणे हा समज त्यामुळे आमच्या रस्त्यांवर टिकत नाही.

निर्मात्यांच्या श्रेणी पाहिल्या तर निवड सोपी होते. केडब्ल्यूच्या व्हेरियंट १ मध्ये फक्त उंची बदलते, व्हेरियंट २ मध्ये उघडतानाचा विरोधही बदलता येतो आणि व्हेरियंट ३ मध्ये दोन्ही विरोध स्वतंत्रपणे बदलतात. बिल्स्टीनच्या बी१४ मध्ये केवळ उंची, तर बी१६ मध्ये विरोधही बदलतो. टाइनच्या फ्लेक्स झेडला १६ आणि बीसी रेसिंगच्या बीआरला विरोध बदलण्याचे ३० टप्पे आहेत. टप्प्यांची संख्या मोठी म्हणून संच मोठा, असे मात्र नाही. कित्येक संचांत एकच नॉब दोन्ही विरोध एकदम बदलतो आणि शेजारच्या दोन टप्प्यांतला फरक जाणवतही नाही. ज्याने पूर्वी कधी सस्पेन्शन जुळवलेले नाही, त्याने निर्मात्याने विरोध बांधून दिलेला किंवा एकाच नॉबचा, पण चांगल्या घराण्याचा संच घ्यावा. अनोळखी नावाचा, सर्व काही बदलता येणारा आणि स्वस्त संच हा या बाजारातला सर्वांत महाग सौदा ठरतो.

मोनोट्यूब (एकाच नळीचा) आणि ट्विनट्यूब (एकात एक दोन नळ्यांचा) या शॉकअब्सॉर्बरच्या दोन प्रकारांविषयी थोडे. मोनोट्यूबमध्ये तेल आणि दाबाखालचा नायट्रोजन यांच्यामध्ये तरता पिस्टन असतो. हा शॉकअब्सॉर्बर उष्णता चांगली सोडतो, परंतु नळीला बाहेरून पोचा आला तर पिस्टन अडकतो. ट्विनट्यूबच्या बाहेरच्या नळीला दगड लागून आलेला छोटा पोचा चालून जातो, आणि त्याच लांबीत दांड्याला अधिक प्रवास मिळतो. शहरातल्या वापरासाठी मी चांगल्या ट्विनट्यूबला झुकते माप देईन. वरचे माउंट रबराचे असावे. उघड्या गोलाकार बेअरिंगचे माउंट धूळ-पाण्याने लवकरच खडखडू लागते.

पाचवी पायरी: आपल्याच गाडीचा संच

यादीत गाडीचे नाव आहे एवढ्यावर समाधान मानू नये. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा जड असते, म्हणून पुढच्या आसावरचा अनुज्ञेय भार संचाच्या कागदावर तपासावा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या काही गाड्यांत एकाच मॉडेलमध्ये स्ट्रटचा व्यास ५० किंवा ५५ मिलीमीटर असा दोन प्रकारचा आढळतो, तेव्हा गाडीवरचा व्यास मोजल्याशिवाय पैसे देऊ नयेत. स्टॅबिलायझर लिंकसाठी, म्हणजे वळणात गाडीचे कलणे रोखणाऱ्या दांड्याच्या दुव्यासाठी, ब्रॅकेट आहे का, ब्रेकच्या नळीची आणि एबीएसच्या तारेची पकड आहे का, सील व कार्ट्रिज सुटे मिळतात का आणि दुरुस्तीसाठी संच कोठे पाठवावा लागेल, हे लेखी विचारावे. वापरलेला संच घेताना दांड्यावरून नख फिरवून क्रोमला खड्डे नाहीत हे पाहावे, सीलभोवती तेलाचा ओलावा शोधावा आणि मोनोट्यूबचा दांडा हाताने दाबून सोडावा. तो सावकाश, एकसारखा वर आला पाहिजे.

सहावी पायरी: कायदा आणि विमा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने मूळ ठरवून दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात आलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतरच्या कलम १८२अ मध्ये अनुज्ञेय नसलेल्या प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. म्हणून संच मागवण्यापूर्वी नायता मुंडल्याच्या आरटीओ कार्यालयात लेखी विचारणा करावी, विमा कंपनीला बदल कळवून तिचे उत्तर जपून ठेवावे आणि सस्पेन्शनचे मूळ सुटे भाग विकून टाकू नयेत.

सातवी पायरी: बसवणे

कारागीर निवडताना त्याला कंट्रोल आर्मविषयी, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या आर्मविषयी, एक प्रश्न विचारावा: ‘कंट्रोल आर्मच्या बुशचे बोल्ट केव्हा आवळणार?’ गाडी चाकांवर उभी असताना, नव्या उंचीवर, टॉर्क पान्याने, हे बरोबर उत्तर आहे. चाके लोंबकळत असताना बोल्ट आवळले तर गाडी खाली आल्यावर रबरी बुश कायमचे पिळलेले राहते आणि थोड्याच काळात फाटते. दांड्याचा वरचा नट हवेच्या गनने फिरवू देऊ नये; दांडा स्वतःभोवती फिरून आतले सील खराब होते. स्प्रिंग उतरवताना योग्य कंप्रेसर वापरला जावा, कारण दबलेली स्प्रिंग निसटली तर माणसाला गंभीर इजा होते. वरचे माउंट, बेअरिंग आणि एकदाच वापरायचे नट-बोल्ट याच वेळी नवे घालावेत.

आठवी पायरी: उंची, अलाइनमेंट, जुळवणी

सुरुवातीला गाडी ठरवलेल्या उंचीपेक्षा थोडी वरच ठेवावी. काहीशे किलोमीटर चालल्यावर स्प्रिंगा बसतात आणि गाडी काही मिलीमीटर आपोआप उतरते. त्यानंतर वहीतल्या मूळ आकड्यांशी ताडून चारही कोपरे जुळवावेत, कडे जागेवर धरणारी लॉक रिंग घट्ट करावी आणि मगच अंतिम अलाइनमेंट करावे. अर्थात पहिल्या दिवशीही तात्पुरते अलाइनमेंट हवेच, कारण उंची बदलली की टाय रॉडचा (स्टीअरिंगकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा) कोन आणि त्याबरोबर टो, म्हणजे वरून पाहता चाके आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन, बदलतो, आणि बिघडलेला टो टायरची आतली कड पाहता पाहता खाऊन टाकतो. पुढच्या चाकांचा कॅम्बर, म्हणजे समोरून पाहता दिसणारा चाकाचा कल, हाही बदलतो. मागच्या टॉर्शन बीमवर तो जवळजवळ तसाच राहतो.

मॅक्फर्सन स्ट्रटच्या गाडीत खालचा आर्म चाकाच्या बाजूला वर उचलला गेलेला दिसू लागला, तर गाडी गरजेपेक्षा खाली गेली आहे असे समजावे. अशा वेळी रोल सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती गाडी वळणात कलते तो बिंदू, गुरुत्वमध्यापेक्षा झपाट्याने खाली जाते आणि त्याच कडकपणाच्या स्प्रिंगवर गाडी वळणात पूर्वीपेक्षा अधिक कलंडू पाहते, म्हणजे ज्यासाठी हा खटाटोप केला तेच उलटते. हेडलाइटचा झोत पुन्हा जुळवून घ्यावा, आणि गाडीत समोर कॅमेरा किंवा रडार असेल तर त्याचे कॅलिब्रेशन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये करून घ्यावे.

नॉब असलेल्या संचाची जुळवणी करताना आधी नॉब पूर्ण कडक बाजूला हलक्या हाताने नेऊन तेथून टप्पे मोजावेत आणि निर्मात्याने सांगितलेल्या मधल्या टप्प्यावर यावे. टायरमधली हवा तपासावी. मग सुपर कॉरिडॉरचा सपाट भाग, बायपासवरच्या पुलांचे सांधे आणि आपल्या वसाहतीतली गल्ली अशी ठरलेली वाट, ठरलेल्या कायदेशीर वेगाने, पुनःपुन्हा धरावी. एका वेळी फक्त पुढचे किंवा फक्त मागचे दोन टप्पे बदलावेत आणि जाणवले ते लिहावे. सांध्यावरून गेल्यावर गाडी एकाहून अधिक वेळा डोलली तर विरोध कमी आहे. सलग उंचवट्यांवर ती टणक होत गेली तर तो जास्त आहे. घाटातली कसोटी घ्यायची तर खंडवा रस्त्यावरचा भेरूघाट आहेच, पण तेथे वेगाचा मोह टाळावा. पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला आहे आणि उच्च वेगाच्या चाचण्या तशा बंदिस्त जागी, जाणकारांच्या देखरेखीखालीच होतात.

पावसाळ्यात काळी माती आट्यांत जाऊन बसते आणि वाळल्यावर दगडासारखी घट्ट होते. पाऊस संपला की चाके काढून नरम ब्रशने व पाण्याने आटे धुवावेत, कडे अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजलेल्या जागी आणावे, बंप स्टॉपवर चिरा आणि नळीवर तेल नाही हे पाहावे आणि लॉक रिंग पुन्हा आवळावी.